दिल्लीच्या मताला घरपोच पेटी, गल्लीच्या मताला पायपीट

पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजींकडे 2024 साली दोनदा मतपेटी घरी येऊ शकत होती. आधी लोकसभेला, मग नोव्हेंबरात विधानसभेला. बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, आणून दिलेला 12 ड क्रमांकाचा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत भरून द्यायचा, की ठरल्या दिवशी मतदान अधिकारी घरी हजर. सोबत चित्रीकरण करणारा, उमेदवारांना वेळेची पूर्वसूचना, आणि मत गुप्त राहावे म्हणून आडोसा. चाळीस टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारालाही हीच सोय. उत्तम सोय आहे, आणि ती मिळवायला या देशाला फार वर्षे लागली.

15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांचे मतदान झाले, तेव्हा त्याच आजींना सांगितले गेले की केंद्रावर या, तुम्हाला रांगेत उभे करणार नाही. तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसलेल्या इमारतीतून खाली कसे यायचे, हा प्रश्न आजींनी आपल्या नातवंडांसोबत सोडवायचा. खासदार निवडायला सरकार त्यांच्या पलंगापाशी आले. पण ज्याच्या हाती त्यांच्या दारातला फुटपाथ, नळाचे पाणी आणि कोपऱ्यावरचा दवाखाना आहे, तो नगरसेवक निवडायला त्यांनीच सरकारकडे जायचे.

हे उलटे आहे. जी निवडणूक मतदाराच्या सर्वांत जवळची, तिचे दार सर्वांत अरुंद.

दार अरुंद व्हायला सुरुवात यादीपासूनच होते. पालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्यासाठी राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदार यादी करत नाही. तो विधानसभेची यादी उचलतो आणि प्रभागांत फोडतो. कोणत्या तारखेची यादी घ्यायची, हे आयोगच ठरवतो. या वेळी तारीख होती 1 जुलै 2025. म्हणजे मतदानाच्या साडेसहा महिने आधीची. नोव्हेंबरात प्रारूप यादी लागली तेव्हा लोक वॉर्ड ऑफिसात धावले. तिथे काय दुरुस्त होते? विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीत आले नाही, किंवा चुकून शेजारच्या प्रभागात गेले, किंवा उतरवून घेताना चूक झाली, इतकेच. नवे नाव तिथे लागत नाही. हे अनेकांना हरकतीच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर कळले. नव्या नावांचा दरवाजा जुलैतच बंद झाला होता आणि बंद होताना कोणी घंटा वाजवली नव्हती.

ज्या मुलीला 2 जुलै 2025 ला अठरा पूर्ण झाली, तिचे काय? केंद्राच्या कायद्यात आता नावनोंदणीसाठी वर्षातून चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. अठराव्या वाढदिवसानंतर कोणाला वर्षभर ताटकळावे लागू नये, म्हणून 2022 पासून ही व्यवस्था आली. पण 1 ऑक्टोबरच्या तारखेने पात्र ठरलेली ही मुलगी पालिकेच्या हिशेबात मोजलीच गेली नाही. पुढची संधी पाच वर्षांनी, तीही निवडणूक वेळेवर झाली तर. आणि वेळेवर होण्याचा आपला इतिहास काय आहे? मुंबई महापालिकेचे आधीचे मतदान 21 फेब्रुवारी 2017 चे. मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे प्रशासक बसला. मार्च 2017 मध्ये अठरा वर्षांचा झालेला मुंबईकर आपला पहिला नगरसेवक निवडायला उभा राहिला तेव्हा सत्ताविशीला टेकला होता. तोवर त्याने लोकसभेला दोनदा आणि विधानसभेला दोनदा मत दिले होते.

साडेसहा महिन्यांचे अंतर कशासाठी? प्रभागांची फोड करायला, हरकती ऐकायला, दुबार नावे शोधायला वेळ लागतो, हे मान्य. दुबार नावांपुढे या वेळी दोन तारे लावले, घरी जाऊन विचारले, केंद्रावर हमीपत्र घेतले. काम कष्टाचे आहे. तरीही विधानसभेला उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसांपर्यंत नावे चढतात, आणि त्याच राज्यातली, त्याच माणसांची, त्याच संगणकातली यादी पालिकेसाठी अर्धे वर्ष आधी गोठवावी लागते, हे मला पटत नाही. तारीख आणखी दोन-तीन महिने पुढे सरकवता येते. ते आयोगाच्या एका आदेशाचे काम आहे.

वाचकांना एक कळकळीचे सांगणे. निवडणूक लागायची वाट पाहू नका. नवे नाव असेल तर अर्ज 6, घर बदलले असेल तर अर्ज 8. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करून भाड्याने राहायला गेलेली हजारो कुटुंबे आहेत, पुण्या-ठाण्यात दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलणारी तरुण मंडळी आहेत. लोकसभेला मतदारसंघ मोठा असल्याने यांचे बरेचदा निभावते. पालिकेत रस्ता ओलांडला की प्रभाग बदलतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो, 1950 या क्रमांकावर चौकशी करता येते, बीएलओला गाठता येते. आज करा.

पण अर्ज 8 भरूनही ज्यांचे काम होणार नाही, असे लाखो लोक या राज्यात आहेत. ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की बीड, धाराशिव, परभणी, अहिल्यानगर भागातून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पुढचे पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा थेट कर्नाटकातल्या उसाच्या फडांवर, झोपडीवजा कोपीत संसार. त्यांचे घर गावातच आहे, रेशनकार्ड गावातच, सरपंचाशी काम गावातच. म्हणून नाव गावच्या यादीतच राहायला हवे. 15 जानेवारी 2021 ला राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचे मतदान झाले. गाळप हंगाम ऐन भरात होता. फडावरच्या माणसाने गावाला जायचे म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवायची, गाडीभाडे काढायचे आणि मुकादमाची परवानगी मिळवायची. मग कोणी उमेदवार गाडी पाठवतो. आणि ज्याने गाडी पाठवली, त्याचे उपकार मतदान यंत्रापर्यंत सोबत येतात.

टपाली मतपत्रिका या माणसाला मागता येत नाही. निवडणुकीच्या कामावर नेमलेल्या शिक्षकाला ती मिळते, कारण तो कामामुळे आपल्या केंद्रावर जाऊ शकत नाही. ऊसतोड्याचे कारण वेगळे आहे का? तोही कामावरच आहे.

केंद्रीय निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये दूरस्थ मतदानाचे यंत्र पक्षांपुढे मांडले. स्थलांतरिताला आहे तिथूनच आपल्या मतदारसंघात मत देता यावे, असा विचार होता. विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि ते प्रकरण तिथेच थांबले. यंत्राबद्दल शंका असतील तर यंत्र राहू द्या. कागदाची मतपत्रिका तर आपल्याकडे आहेच.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात टपालाने मतदानाची सुरुवात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपासून झाली नाही. 1981 साली विधिमंडळाने स्थानिक निवडणुकांसाठी प्रयोग म्हणून मुभा दिली. 1987 मध्ये ती स्थानिक निवडणुकांपुरती कायम झाली. छोट्या निवडणुकांत चुका कळल्या, पाकिटावरची सही पडताळण्याची घडी बसली, लोकांना सवय झाली. मग 1998 मध्ये तिथल्या मतदारांनी कौल देऊन सगळ्याच निवडणुकांसाठी ती लागू केली. आपण शिडी वरून चढायला निघालो आहोत: खासदारासाठी सोय आधी, सरपंचासाठी कधीच नाही.

ओरेगनची पद्धत जशीच्या तशी मराठवाड्यात आणा, असे मी म्हणणार नाही. कोपीत आलेली मतपत्रिका मुकादमासमोर भरली जाईल, ही भीती खरी आहे आणि ती भीती धुडकावणाऱ्याने फड पाहिलेला नाही. म्हणून मतपत्रिका टपालाने हाती देऊ नका. निवडणूक कर्मचाऱ्यांसाठी असते तसे सुविधा केंद्र कारखान्याच्या तालुक्यात उघडा. तहसील कार्यालयात, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, आडोशाआड. नोंद टोळी निघण्यापूर्वी गावातच करून घ्या, म्हणजे कोणत्या केंद्रावर कोणत्या गावच्या किती मतपत्रिका लागतील, हे आधी कळेल. काश्मिरी विस्थापितांसाठी दिल्ली आणि जम्मूत खास केंद्रे वर्षानुवर्षे चालत आली आहेत. जमत नाही असे नाही.

आणि यासाठी दिल्लीकडे बोट दाखवायची सोय कोणालाच नाही. स्थानिक निवडणुकांचे कायदे करण्याचा अधिकार घटनेने, 243 के आणि 243 झेडए या कलमांनी, राज्याच्या विधिमंडळाला दिला आहे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांचे अधिनियम मुंबईत बसून बदलता येतात आणि आरक्षण, प्रभागरचना, सरपंचाची थेट निवड यांसाठी ते वारंवार बदललेही आहेत. सरपंच थेट निवडायचा की सदस्यांतून, यावर तीन सरकारांनी कायदा इकडून तिकडे फिरवून दाखवला. तेवढ्याच उत्साहाने एक दुरुस्ती पंच्याऐंशीच्या आजींसाठी आणि एक कोयत्यासाठी करा. पावसाळी अधिवेशनात आणा, कारण दिवाळीनंतर गावात ती वाचायला ऊसतोड्या नसेल.