जग वाचवण्याआधी मडकी फोडा
(ॲनिमे आणि रोल-प्लेइंग गेम : नवशिक्यांसाठी पाच धडे)

नवशिक्यांना वाटतं, या छंदाला तलवारबाजी यावी लागते. छे! इथलं मुख्य कौशल्य म्हणजे मुख्य काम टाळणं. ते उपजत असेल, तर निम्मी तयारी झालीच म्हणा. गेले दोन महिने मी याचा कसून सराव केला आहे. त्या अनुभवावर पुढचे धडे.

धडा १ : परक्या घरात बेधडक शिरा.
'ड्रॅगन क्वेस्ट ११' हा गेम सुरू करा. दिसेल त्या घरात न विचारता जा, कपाटं उघडा, मडकी उचलून आपटा. आतून कधी नाणी निघतात, कधी औषधी पाला. घरमालक शेजारीच उभा असतो आणि तो आपल्याशी गावगप्पा मारतो. यात लाजण्यासारखं काही नाही. युजी होरिई यांच्या १९८६ सालच्या पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये राजा जग वाचवायला निघालेल्या वीराच्या हातावर १२० सोन्याची नाणी टेकवतो. दुकानात तांब्याची तलवार १८० ला. मग वीराने वरखर्चाचं काय करावं?

धडा २ : संकट जितकं मोठं, तितका निवांतपणा हवा.
गेममधला काळोखाचा स्वामी जग गिळायला निघालेला असताना आपण घोड्यांच्या शर्यतीत उतरावं, नंतर कॅसिनोत बसावं. तो थांबतो. आपण त्याच्या दाराशी पोहोचेपर्यंत त्याला जग गिळता येत नाही, असा नियम आहे.

या विषयावरचा पाठ्यग्रंथ म्हणजे 'डिलिशस इन डंजन' हा ॲनिमे. र्‍योको कुई यांच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) ट्रिगर स्टुडिओने २०२४ मध्ये केलेले २४ भाग. नायक लायोसच्या बहिणीला लाल ड्रॅगनने गिळलंय. ती पचायच्या आत तिला बाहेर काढायचंय आणि शिध्याला पैसे नाहीत. म्हणून मंडळी वाटेतले राक्षसच शिजवून खातात. पहिल्याच भागात भलामोठा विंचू आणि चालतं अळंबं एका भांड्यात रटरटतं. सेन्शी नावाचा दाढीवाला बुटका विंचवाची नांगी कशी काढायची ते सांगतो, आणि ड्रॅगनच्या पोटातल्या बहिणीचा आपल्याला सपशेल विसर पडतो. हा भाग रिकाम्या पोटी बघू नये.

धडा ३ : पेटी दिसली की उघडा.
राक्षस पेटीचं सोंग घेऊन बसतो, त्याला मिमिक म्हणतात. 'फ्रीरेन' या ॲनिमेची नायिका हजार वर्षांहून मोठी एल्फ जादूगार. पेटी ओळखायचा मंत्र तिच्याकडे आहे आणि तो शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर येतो. मंत्र सांगतो, हा मिमिक आहे. बाई उरलेल्या एका टक्क्यावर भरवसा ठेवून डोकं आत घालतात. पुढचं दृश्य : पेटीच्या जबड्याबाहेर हवेत झाडले जाणारे दोन पाय, आतून अंधाराची तक्रार, आणि ओढून काढणारी शिष्या फर्न. 'शेवटचा एक भाग बघून झोपतो' हे वाक्य याच एका टक्क्यावर उभं आहे.

धडा ४ : सेव्ह करायला विसरू नका.
ड्रॅगन क्वेस्टमध्ये हे काम चर्चमधला पाद्री करतो. आपलं भाग्य थोर! जपानमधल्या त्या पहिल्या गेममध्ये ही सोय नव्हती. राजा वीस अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगायचा, तो कागदावर उतरवून घ्यायचा. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं, की सगळी मेहनत पाण्यात.

धडा ५ : अनोळखी माणसांची कामं करा.
अमक्याची हरवलेली वस्तू आणा, तमक्याला निरोप पोचवा. गेममध्ये मी अशी तीसेक कामं केली. एकालाही 'उद्या बघू' म्हणालो नाही.

या धड्याला एक पुरवणी आहे. आजी शेजारी बसून 'फ्रीरेन' बघत होती, मी मराठीतून सांगत होतो. पहिलाच भाग. दहा वर्षांची मोहीम फत्ते होते आणि 'पन्नास वर्षांनी भेटू' म्हणून फ्रीरेन निघून जाते. तिच्या हिशेबात ती चार दिवसांची गोष्ट. परत येते तेव्हा वीर हिमेल टक्कल पडलेला म्हातारा झालेला असतो, आणि थोड्याच दिवसांत जातो. अंत्यविधीला ती रडते, की मी याला नीट ओळखूनच घेतलं नाही.

आजी म्हणाली, "आता रडून काय उपयोग? तेव्हा कुठे गेली होती?" मग जरा थांबून, "आणि काय रे, माझ्या चष्म्याचं काय झालं?"

दांडी निखळलेला चष्मा पंधरा दिवस माझ्याच खणात पडून होता. काळोखाचा स्वामी थांबतो, या सवयीवर मी आजीलाही थांबवून ठेवलं होतं.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पाच मिनिटांत स्क्रू बसवला, पैसेही घेतले नाहीत. लेव्हल वाढल्याची धून काही वाजली नाही. संध्याकाळी आजी चष्मा लावून दुसऱ्या भागाला बसली आणि टीव्हीकडे झुकली.

"अगं बाई, हे हिचे कान आहेत होय? मी आपली डूल समजत होते."