सेंट पीटर्सबर्गच्या खिडकीसमोर कसे उभे राहावे

प्रथम एक खुलासा. २०२२ सालापासून मोठ्या क्रूझ कंपन्यांनी बाल्टिक समुद्राच्या सफरीतून सेंट पीटर्सबर्ग वगळले आहे. कोपनहेगन, स्टॉकहोम, टॅलिन, हेलसिंकी ही बंदरे पूर्वीसारखीच घेतली जातात, पण मधला रशियाचा मुक्काम गेला. त्यामुळे पुढचे मार्गदर्शन कोणालाही लगेच पडताळून पाहता येणार नाही, आणि मार्गदर्शकाला याहून सोयीची परिस्थिती कोणती? तरीही ही विद्या लिहून ठेवणे भाग आहे. ती प्रत्यक्ष वापरलेली माणसे अजून लग्नाकार्यांत भेटतात आणि विषय गुडघेदुखीचा असला तरी तो 'आम्ही रशियात उतरलो तेव्हा' इथवर आणून ठेवतात. त्यांच्या तोंडी आवृत्तीत भर फार पडू लागली आहे.

मूळ कायदा साधा होता. भारतीय माणसाला रशियात उतरायला व्हिसा लागे. पण २००९ सालच्या एका सरकारी निर्णयाने क्रूझने वा फेरीबोटीने येणाऱ्या पर्यटकाला ७२ तास व्हिसाशिवाय राहण्याची सवलत दिली. अट एकच, तो परवाना असलेल्या टूर कंपनीबरोबर फिरला पाहिजे. एकट्याने हिंडायचे तर व्हिसा काढा, नाहीतर गाईडच्या मागे चाला. ही कंपनी जहाजवाल्यांचीच हवी, असे कायदा कुठेही म्हणत नव्हता. मात्र ही गोष्ट जहाजावर आपणहून कोणी सांगत नसे. रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात मजकूर असा बेतलेला असे, की वाचणाऱ्याला वाटावे, जहाजाची महागडी सहल घेतली नाही तर आपल्याला सायबेरिया दाखवतील. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ हे पत्रक वाचून रात्रभर जागे राहिले आणि सकाळी दुप्पट पैसे भरून मोकळे झाले. बसमध्ये त्यांच्यासोबत चाळीस जण होते. प्रत्येक थांब्यावर चाळिसांचे स्वच्छतागृह आटपेपर्यंत अर्धा राजवाडा बाहेरूनच बघून झाला.

खासगी टूरवाला याच्या उलट. दहा-बारा जणांची व्हॅन, आपली गाईड, आपला वेग. तेव्हा पहिला नियम असा, की पत्रक वाचावे, घडी घालावी आणि ड्रॉवरमध्ये ठेवून द्यावे.

आता कागद. पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर लागतात दोनच. मूळ पासपोर्ट आणि टूर कंपनीने ईमेलने पाठवलेले तिकीट. तिकीट छापून न्यावे, प्रत्येकाचे वेगळे न्यावे. 'मोबाइलमध्ये आहे' हे वाक्य आपल्याकडे रेल्वेच्या टीसीला चालते, सीमेवरच्या गणवेशाला नाही. तिकिटावर नाव आणि पासपोर्टचा नंबर असतो आणि दोन्ही गोष्टी पासपोर्टवरच्या मजकुराशी अक्षरशः जुळाव्या लागतात. इथे महाराष्ट्रीय माणसापुढे खास अडचण उभी राहते. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला चिकटून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव बसलेले असते. पुण्याहून बुकिंग करणारा हौशी पुतण्या 'एवढं मोठं कशाला' म्हणून ते गाळतो. घरी नवऱ्याचे नाव गाळलेले चालते, किंबहुना काही घरांत ते हिताचेच असते. पण पासपोर्टवर जे छापले आहे ते फॉर्ममध्ये उतरलेच पाहिजे.

आणखी एक कागद खिडकीवर कोणी मागत नाही, म्हणून तो विसरला जातो. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. स्टॉकहोमहून निघून रशियात उतरला की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. पुढे हेलसिंकीला पुन्हा आत यायचे, तर व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन या वाटेला निघालेल्या माणसाला आपण मार्गदर्शन करू शकत नाही, फक्त धीर देऊ शकतो.

पण कागद असणे आणि ते योग्य हातात असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक मराठी सहलीत एक कुटुंबप्रमुख असतो. त्याच्याकडे चेन असलेले एक पाऊच असते. त्यात सगळ्यांचे पासपोर्ट, सगळ्यांची तिकिटे, झेरॉक्सच्या तीन प्रती आणि एका कोपऱ्यात ॲसिडिटीच्या गोळ्या. 'तुम्ही हरवाल, माझ्याकडे द्या' हे त्याचे घोषवाक्य. विमानतळावर ही व्यवस्था कशीबशी चालते. सेंट पीटर्सबर्गच्या खिडकीवर मात्र एका वेळी एकच माणूस उभा राहतो. प्रमुख अर्थातच सर्वांत आधी जातात, कारण वाट दाखवणे हे त्यांचे कर्तव्य. शिक्का पडतो, फाटक उघडते, ते पलीकडे जातात, फाटक बंद होते. आणि तेव्हा लक्षात येते की पाऊचही पलीकडे गेले आहे.

यानंतरचे दृश्य असे. प्रमुख पलीकडून पाऊच उंच धरून दाखवत आहेत. काकू अलीकडून 'आधीच म्हटलं होतं' हे पाच प्रकारे म्हणत आहेत. साडूभाऊ, ज्यांना प्रवासभर हाच क्षण हवा होता, शांतपणे हसत आहेत. फाटकातून उलटे येता येत नाही आणि पाऊच भिरकावण्याचा विचारही मनात आणू नये. सीमेवर वस्तू फेकणाऱ्याबद्दल कोणत्याही देशाचे मत चांगले नसते. म्हणून जहाजाची शिडी उतरण्याआधी प्रत्येकाच्या हातात त्याचा पासपोर्ट आणि त्याचे तिकीट द्यावे, मग तो माणूस कितीही वेंधळा असो. प्रमुखांच्या हाती गोळ्या राहू द्याव्यात. त्यांनाच त्या लागणार आहेत.

आता स्थळ. मोठी जहाजे वासिलेव्स्की बेटाच्या पश्चिम टोकाला 'मरीन फसाड' नावाच्या बंदरात लागत. समुद्रात भराव घालून केलेली ही जागा आणि तिथला पहिला धक्का २००८ साली सुरू झाला. भरावाच्या जमिनीवर उभे राहून समुद्राकडे बघणे मुंबईकराला नवे नाही, त्यामुळे फोटो काढण्यात वेळ घालवू नये. लहान जहाजांचे नशीब थोर. ती नेवा नदीतून आत शिरत आणि थेट शहराच्या मध्यात, इंग्लिश एम्बँकमेंटला लागत.

सकाळी जहाजाच्या सहलीवाले आधी सोडले जात. छातीवर नंबरचे स्टिकर लावून ते ओळीने निघत आणि खासगीवाल्यांना 'थोडं थांबा' सांगितले जाई. इथे वाद घालू नये. गँगवेच्या आसपास, कोणाच्या वाटेत न येता आणि तरीही सर्वांच्या नजरेत राहील असे उभे राहावे. लोकल पकडणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

इमारतीत शिरल्यावर समोर खिडक्यांची रांग आणि प्रत्येक खिडकीपुढे माणसांची रांग. या क्षणी आपले कुटुंब तीन रांगांत विभागले जाते. 'तू तिकडं थांब, मी इकडं थांबतो, जी लवकर सरकेल तिच्यात सगळे.' हे शहाणपण सिनेमाच्या तिकिटांच्या काळातले आहे. ते इथे निरुपयोगी, कारण तुमची गाईड पलीकडे पाटी धरून उभी आहे आणि तुमच्या व्हॅनमधला शेवटचा माणूस येईपर्यंत ती जागची हलणार नाही. तुम्ही चौदा मिनिटे आधी पोचलात तर चौदा मिनिटे पाटीकडे बघत बसाल. एक रांग धरावी, मरेपर्यंत सोडू नये.

आता खिडकी. काचेपलीकडे बहुधा एक तरुण अधिकारी बाई असते, गणवेशात, केस घट्ट बांधलेले. ती हसत नाही. हे वैयक्तिक घेऊ नये. सरकारी कामात अनोळखी माणसाकडे बघून हसण्याची त्या देशात पद्धत नाही, आणि आपल्या तहसील कचेरीत तरी कोण हसते? तुमच्या पाठीमागे वरच्या बाजूला कलता आरसा असतो, तुमची पाठ तिला दिसावी म्हणून. त्यात बघून टिकली सारखी करू नये. पासपोर्ट आणि तिकीट एकत्र द्यावे. पासपोर्टचे प्लास्टिकचे कव्हर आधीच काढावे, विशेषतः ज्या कव्हरात साईबाबांचा फोटो, जुना बोर्डिंग पास आणि पाचशेची नोट आहे ते. टोपी आणि गॉगल उतरवावा. मग ती एकदा फोटोकडे आणि एकदा तुमच्याकडे बघते. फोटो आठ वर्षांपूर्वीचा, तेव्हा केस होते. या तुलनेला वेळ लागतो. तो वेळ गप्प राहून काढणे हीच सगळी परीक्षा आहे.

या शांततेत जे बोलावेसे वाटते ते बोलू नये. 'ॲक्च्युअली हा फोटो जुना आहे' नको. 'धिस इज माय सिस्टर-इन-लॉ' नको, ती तिची ओळख स्वतः देईल. अधिकारी बाईने विचारले नाही तर टूर कंपनीचे नाव सांगू नये, ते तिकिटावर लिहिले आहे. आणि साठी ओलांडलेल्या पुरुष प्रवाशांना हात जोडून विनंती की राज कपूरचे नाव काढू नये. 'आवारा' सोव्हिएत संघात १९५४ साली लागला आणि लोक त्यावर जीव टाकत, हे खरे आहे. पण काचेमागची मुलगी सोव्हिएत संघ मोडल्यावर जन्मलेली आहे. तिच्यासमोर उजवा हात पसरून गाण्याची पहिली ओळ गुणगुणणारा परदेशी प्रवासी म्हणजे फक्त एक उजवा हात पसरलेला प्रवासी. गाणे संग्रहालयाच्या दालनांत राखण करणाऱ्या वयस्क बायकांसाठी राखून ठेवावे. तिथे अजून फळ मिळते.

शिक्का पडल्यावर ती हातात जो कागद देईल तो पासपोर्टात ठेवावा. पानखूण म्हणून वापरू नये, मागे पत्ता लिहू नये. परत येताना लागतो. हो, परत येताना हीच खिडकी उलट्या दिशेने पार करायची असते. संध्याकाळी बॅलेला जायचे ठरले तर पुन्हा जाणे, पुन्हा येणे. दुसऱ्या दिवशी सगळे पहिल्यापासून. हर्मिटाज संग्रहालयात तीस लाखांच्या आसपास वस्तू आहेत, कॅथरिन राजवाड्यातली अंबर खोली २००३ साली पुन्हा उभी केली, पीटरहॉफची कारंजी विजेच्या पंपाविना उडतात. हे सगळे त्या दोन दिवसांत बघून होते. घरी आल्यावर मात्र माणूस सांगतो तो खिडकीबद्दलच.

शहरात गाईडचा हात सोडू नये. तुमची कायदेशीर ओळख तीच आहे. नेव्स्की रस्त्यावर एकात एक बसणाऱ्या बाहुल्या घेण्यासाठी मावशी कोपऱ्यावर वळल्या की गाईडचा चेहरा पांढरा पडतो आणि ती माणसे मोजायला लागते. बाहुल्या बंदरावरही मिळतात. आणि परतीला तासभर राखून ठेवावा. जहाजाच्या स्वतःच्या बसला उशीर झाला तर कप्तान थांबतो, तुमच्या व्हॅनसाठी तो थांबण्याची खात्री नाही.

हे सगळे फार जाचक वाटत असेल तर या विषयातला आपल्याकडचा जुना दाखला बघावा. अफानासी निकितीन हा त्वेर गावचा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला. व्हिसा नाही, तिकीट नाही, टूर कंपनी नाही. जुन्नरला पोचला तर तिथल्या खानाने घोडाच अडकवून ठेवला आणि निरोप दिला, की धर्म बदल, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो, नाहीतर दोन्ही गेले. मुदत चार दिवस. शेवटी खुरासानहून आलेल्या एका वजनदार गृहस्थाने शब्द टाकला म्हणून घोडा सुटला. आजच्या भाषेत तो गृहस्थ म्हणजे खासगी टूर ऑपरेटर. निकितीनचे स्मारक रेवदंड्याला आहे. रशियन खिडकीबद्दल तक्रार करणाऱ्याने एकदा तिथे जाऊन यावे.

जहाज बंद झाले तरी वाट बंद नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो. त्यावर सेंट पीटर्सबर्गच्या पुलकोवो विमानतळावर उतरता येते, गाईडशिवाय हवे तसे हिंडता येते आणि मावशींना कोपऱ्यावर वळता येते. फॉर्म पुतण्याला भरू देऊ नये. आणि भारतात काढलेली 'व्हिसा' आणि 'मास्टरकार्ड' कंपन्यांची कार्डे तिथे चालत नाहीत, तेव्हा रोकड न्यावी.