बॅकअप चोख, रिस्टोअर भलतीकडे

तात्पुरत्या जागेवरून कायमच्या जागी हलवणं म्हणजे काय, हे बुऱ्हाणपूरला बाहेरच्यानं शिकवायला नको. १६३१च्या जूनमध्ये मुमताजमहल इथे वारली. तापीपलीकडच्या जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पार्थिव आग्र्याकडे निघालं. कुठून उचलायचं नि कुठे पोचवायचं, याबद्दल शहाजहानच्या दरबारात गोंधळ नव्हता. आजच्या संगणकबहाद्दरांबद्दल तेवढी खात्री देता येत नाही.

त्यांचा बॅकअप चोख असतो. घोळ होतो तो रिस्टोअर करताना. विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात. कालचा सी आज डी होऊन उभा राहतो आणि आपले पंडित जुन्या ओळखीवर विसंबून बटण दाबतात. लिनक्सवाल्यांनी हसू नये. डिस्कची नक्कल करणाऱ्या डीडी कमांडमध्ये आयएफ (कुठून वाचायचं) आणि ओएफ (कुठे लिहायचं) यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्कच बॅकअपवर लिहिली जाते. कमांड ‘नक्की ना?’ एवढंही विचारत नाही. विंडोज विचारतं, पण वाचतो कोण? मग त्या डिस्कवर हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या यंत्रमागवाल्याची सगळी उधारी पुसली जाते आणि नेमकी त्याच दिवशी गिऱ्हाइकांची स्मरणशक्तीही दगा देते.

तेव्हा मंडळी, ड्राइव्ह अक्षरावरून नव्हे, आकारमान आणि मॉडेलच्या नावावरून ओळखा. जिचं काम नाही त्या डिस्कची केबल आधी काढा. मग हव्या तितक्या ऐटीत एंटर दाबा.