सूचक मीच

आमच्या ग्रामपंचायतीच्या ठराववहीत गेल्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेचा एक ठराव आहे. रस्त्याकडेच्या गटारावर कुणी परवानगीशिवाय मोरी, पायरी किंवा भराव घातला तर त्याला नोटीस द्यावी, सात दिवसांत न काढल्यास पंचायतीने काढावा आणि खर्च त्याच्याकडून वसूल करावा. खाली सूचक म्हणून माझं नाव, अनुमोदक म्हणून समोरच्या अण्णांचं. सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते म्हणजे मी वीस मिनिटं बोलत होतो आणि मागे चहा निवत होता.

डोंबिवलीत एकतीस वर्षं गणित शिकवून मी कुडाळजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो. निवृत्त चाकरमान्याला गावी आल्यावर दोन कामं दिसतात: घराची कौलं बदलणं आणि गावाला सुधारणं. कौलं महाग झाली आहेत.

तर त्या सभेत मी गटार सोडवायला घेतलं. डांबराचा खरा शत्रू ट्रक नसून साचलेलं पाणी आहे, म्हणून रस्ता मधोमध उंच ठेवून दोन्हीकडे मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटर उतार देतात, आणि ते पाणी ज्यात पडतं ते गटार म्हणजे रस्त्याचाच अवयव, हे सांगितलं. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५३ सांगितलं: सार्वजनिक रस्त्यावर किंवा त्याच्या उघड्या गटारावर साधी पायरी बांधली तरी ते अतिक्रमण. सहा मीटरपर्यंतची ती मोरी, पुढे पूल, हेही सांगितलं, जरी आमच्या गटाराची रुंदी दोन फूट आहे. मग ह्यूम पाइप. ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूमने १९१०मध्ये साचा गरागरा फिरवून काँक्रीटचे नळे काढले, आणि आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६मध्ये ते आपल्याकडे आणले. इथे एक म्हातारबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, भारावून गेले.

सरपंचांच्या मसुद्यात नोटिशीच्या जागी फक्त 'समज द्यावी' असं होतं. ते मी खोडायला लावलं. समज देऊन कुणाला समजत नाही, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव.

एप्रिलमध्ये मी जुनी मोटार घेतली. अण्णांसकट चौघे बघायला आले, टायरला लाथ मारून गेले. गाडी रस्त्यावर, अंगण पलीकडे, मध्ये ते दोन फूट रुंद, दीड फूट खोल गटार. ग्रामसेवकांकडे गेलो. ते म्हणाले, रस्ता जिल्हा परिषदेचा आहे, अर्ज द्या, बांधकाम उपविभागाचा माणूस येऊन बघेल, आणि नळा कमीत कमी फुटाचा घाला. आता, मी परका का आहे? कलम मला पाठ. जो कायदा आपणच गावाला समजावून सांगितला, तो आपल्यालाच लागू होतो हे माणसाच्या पटकन ध्यानात येत नाही. अर्ज मी लिहिला. नेऊन दिला नाही.

फुटाचा सिमेंटचा नळा म्हणजे आणायला टेम्पो, उतरवायला चार माणसं, चौघांना चहा. माझ्याकडे संडासाच्या कामातून उरलेले सहा इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे पडवीत पडून होते. सहा आणि सहा बारा. बारा इंच म्हणजे फूट. मी गवंड्याला बोलावलं.

त्याने पाइप पाहिले, गटार पाहिलं, वरच्या सड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, दोन पुरूचे नाय. फुटाच्या एका पायपाक सहा इंची चार लागतत."

मी हसलो. नववीत जो मुलगा अ अधिक बचा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग असं लिहायचा, त्याच्याकडे बघून हसायचो तसाच. "सहा दुणे किती?" असंही विचारलं. तो काही बोलला नाही. घमेलं उचललं आणि कामाला लागला. संध्याकाळी मोरी तयार, वर काँक्रीट, काँक्रीटवर माझ्या बोटाने लिहिलेली तारीख. गाडी आत घेतली, बाहेर काढली, पुन्हा आत घेतली. त्या मोरीवरून गाडी गेली ती एवढी तीनदाच.

मृगाने पहिले चार दिवस नुसतं भिजवलं. पाचव्या रात्री कोसळला. साडेतीनला दारावर थाप पडली. बाहेर अण्णा, डोक्यावर इरलं, हातात बॅटरी, शांत.

"सर, गटार खंय असा?"

मी म्हटलं, इथेच तर आहे. त्यांनी बॅटरी रस्त्यावर फिरवली. गटार रस्त्यावर होतं. सड्यावरून आलेलं तांबडं पाणी माझ्या मोरीशी येऊन थांबत होतं, फुगत होतं, आणि डांबर ओलांडून सरळ अण्णांच्या खळ्यात शिरत होतं. खळ्यात आदल्या दिवशी उतरवलेल्या नारळांची रास होती. ती आता रास नव्हती. एकेक नारळ सोडणासकट डुलत डुलत फाटकातून निघे, फाटकाशी किंचित थांबे आणि उताराने चालू लागे.

मी लुंगी खोचून मोरीच्या तोंडाशी उतरलो. डाव्या पाइपच्या तोंडात वरच्या आळीतून वाहत आलेला एक नारळ असा घट्ट बसला होता की कंपनीनेच बूच दिलंय असं वाटावं. उजव्यात फणसाची पानं, वर एक निळी स्लिपर, आणि तिच्या बाजूने पाणी गुळण्या केल्यासारखं आत जात होतं. नारळ ओढला तर हलेना. फुटाच्या नळ्यातून तो गडगडत गेला असता.

आणि तिथे, गुडघाभर पाण्यात, मला वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवलं. पाय आर वर्ग. त्रिज्या निम्मी केली की क्षेत्रफळ चौथाई. चार लागतत. दोघांतून मिळून फार तर निम्मं पाणी जातं, तेही नारळ आला नाही तर. हे सूत्र मी किमान तीस तुकड्यांकडून घोकून घेतलंय. पाठ न करणाऱ्यांना बाकावर उभं केलंय. गवंड्याला मात्र कुणी शिकवलं नव्हतं. त्याने पाणी बघितलं होतं.

"सर," वरून अण्णा म्हणाले, "माझे नारळ मोजून घेतलास तर बरा होयत. तुमचा गणित चांगला."

सत्तावीस सापडले. बाकीचे व्हाळाने नेले.

तिसऱ्या दिवशी पंचायतीचा शिपाई नोटीस घेऊन आला. संदर्भ १, कलम ५३. संदर्भ २, ग्रामसभेचा ठराव, आणि पुढे ग्रामसेवकांनी चांगल्या अक्षरात लिहिलं होतं: सूचक, आणि माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पंचनाम्याला पंच म्हणून अण्णांची सही होती. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "अनुमोदन मीच दिलंय मा."

सात दिवसांत मोरी काढायला मला माणूस मिळाला नाही. गवंडी लावणीत होता, निदान तसा निरोप आला. आठव्या दिवशी पंचायतीचा जेसीबी आला, आणि माझी बोटाने लिहिलेली तारीख एकाच बकेटमध्ये उचलली गेली. बिल माझ्या नावाने फाटलं. गटार वाहायला लागलं.

गाडी आत राहिली. घाईत तिची कुणालाच आठवण झाली नाही, मलाही नाही. मग मी तो एप्रिलचा अर्ज शोधला, तारीख बदलली आणि उपविभागात नेऊन दिला. तिथल्या साहेबांनी सभ्यपणे सांगितलं की जागा बघून जाऊ, पण काम पावसाळ्यानंतर. तोवर गाडी फणसाखाली. अण्णांच्या कोंबडीने बॉनेटची ऊब नसतानाही पुढच्या चाकामागे अंडी घालायला सुरुवात केली आहे, आणि ती अंडी कुणाची यावर मी अजून तरी कलम काढलेलं नाही.

बाजारात जायचं तर अण्णांच्या स्कूटरवर मागे बसतो. वाटेत मोरी आली की ते मुद्दाम वेग कमी करतात.

"सर, ही किती इंची?"

मी वाकून बघतो. सांगतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेलाही तसाच गेलो. विषयपत्रिकेवर चौथा विषय गटारांचा होता. सरपंचांनी विचारलं, यावर कुणाला बोलायचं आहे का, आणि सगळी सभा माझ्याकडे वळली. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्या दिवशी सगळ्यांना चहा गरम मिळाला.