दांडियाबाजारचे दर्यासारंग

बडोद्याला समुद्र नाही. सूरसागर तलाव आहे, आजव्याचं सरोवर आहे, विश्वामित्री आहे आणि तिच्यात मगरी आहेत. बहुतेक बडोदेकरांचं एवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही ते दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी बसवून स्वतःचा समुद्र सुरू करतात. अशा गृहस्थांना आम्ही दर्यासारंग म्हणतो. दांडियाबाजारातल्या जुन्या वाड्यापासून अलकापुरीतल्या फ्लॅटपर्यंत ते कुठेही भेटतात. उजव्या बाहीवर वाळलेल्या मिठाचे पांढरे डाग आणि पाहुण्याशी बोलताना कान मागच्या पंपाच्या आवाजाकडे, ही त्यांची खूण.

बडोद्याचा नि समुद्राचा संबंध काय, असं त्यांना चुकूनही विचारू नये. चहा येईस्तोवर तुम्ही ओखामंडळात पोचलेले असता. द्वारका आणि बेट द्वारका धरून तो सगळा किनारा एके काळी गायकवाडांचा. तिथल्या समुद्री जीवांची पाहणी करायला सयाजीरावांनी जेम्स हॉर्नेल हा तज्ज्ञ नेमला, आणि त्याच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला. हे सांगताना दर्यासारंगांचा चेहरा असा होतो, की महाराजांनी तो किनारा जाताजाता त्यांच्याच हवाली केला असावा. तरीही शंका घेतलीत, तर सयाजीबागेतल्या संग्रहालयातला निळ्या देवमाशाचा सांगाडा पुढे येतो. १९४४ साली महीच्या मुखाशी सापडलेला. देवमासा बडोद्याला आला, मग आपण का मागे राहायचं?

पण त्या किनाऱ्यावरचं दगडी प्रवाळ घरात आणता येत नाही. २००१पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. "वाघ बांधाल का गॅलरीत?" असं विचारून ते पाहुण्याला गप्प करतात, आणि मऊ प्रवाळांची बटणाएवढी फुलं दाखवतात. ती पाहायला दिवाणखान्यातला दिवा घालवावा लागतो. निळ्या उजेडात फुलं खुलतात, पाहुण्याचं नाक टेबलावर आपटतं.

समुद्राला मीठ लागतं. देशातलं बहुतेक मीठ गुजरातेत पिकतं, दर्यासारंगांचं मात्र परदेशातून येतं. स्वयंपाकघरातल्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड, समुद्राला मॅग्नेशियम हवं, कॅल्शियम हवं, आणखी बरंच काही हवं. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम या हिशेबाने चारशे लिटरला चौदा किलो. आधी आरओच्या पाण्यातले उरलेसुरले क्षारही काढून ते कोरं करायचं, मग त्यात विकतचे क्षार घालायचे. हा व्यवहार शेजारच्या शहाभाईंना आजवर समजलेला नाही. उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली गेली, तेव्हा त्यांनी शेजारधर्म म्हणून मिठाची बरणी आणून दिली. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची, हे दर्यासारंगांनी त्यांना अर्धा तास समजावलं. शहाभाई बरणी घेऊन परत गेले.

पहिला दीड महिना तर टाकीत नुसते दगडच होते. "भाई, आमां माछली क्यां छे?" शहाभाईंनी विचारलं. मासे नंतर, आधी जिवाणू. अमोनियाचं नायट्राइट करणारे वेगळे, नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे. ते नांदायला लागल्याशिवाय मासा सोडला, तर तो स्वतःच्याच घाणीने मरतो. दर्यासारंग रोज सकाळी रिकाम्या टाकीपुढे उभे राहायचे आणि घरात सांगायचे, "आज बरे आहेत." कोण, ते कुणी विचारत नसे.

आता रविवार पाण्याच्या परीक्षेचा. परीक्षानळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन निळ्याचं पिवळं होईपर्यंत एकेक थेंब सोडायचा. जितके थेंब, तितकी अल्कलिनिटी. आठ-नऊवर यायला हवी. तेवढा वेळ घरात मौन. एकदा सहाव्या थेंबाला सिलिंडरवाल्याने बेल वाजवली. दर्यासारंगांनी मोजणी पुन्हा पहिल्यापासून केली, सिलिंडर परत गेला.

मे महिन्यात बाहेर बेचाळीस आणि टाकीत सव्वीस. चिलर चोवीस तास चालू, दिवाणखान्यातला एसी मात्र बिल वाढतं म्हणून बंद. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री गावात शिरली, मगरी रस्त्यावर आल्या, वीज गेली. सोसायटीत दुधाच्या नि बटाट्यांच्या पिशव्या दोरीने वर चढत होत्या. दर्यासारंगांनी तिसऱ्या मजल्यावरून ओरडून हवेच्या पंपासाठी मोठे सेल मागवले. खाली गाव पाण्यात, आणि वर हे पाण्यात हवा सोडत बसलेले.

घरच्या बाई हे सगळं मुकाट बघतात, असं समजू नये. विदूषक माशांच्या जोडीत थोरली ती मादी, आणि ती गेली की नराचीच मादी होते, हे दर्यासारंगांनी पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं. वहिनी पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता म्हणाल्या, "बघा, मासा असून सगळं अंगावर घेतो. आमच्याकडे मी दोन दिवस माहेरी गेले, तर कुकर लागत नाही."

त्यांचं म्हणणं खरं नाही असं नाही. स्वतःची साखर वर्षानुवर्षं न तपासणारा हा माणूस पाण्यातल्या कॅल्शियमचा आकडा झोपेतही सांगेल. मासे हे निमित्त. त्यांचा खरा छंद काळजी करण्याचा, आणि तिला समुद्राएवढी जागा दुसरीकडे मिळत नाही.

म्हणूनच परवा ते बेचैन दिसले. अल्कलिनिटी आठ, कॅल्शियम चारशे वीस, पाणी सव्वीस अंशांवर, मासे खातायत, फुलं उमललेली. तीन आठवडे कुठे काही बिघडलेलंच नाही. अखेर ते टेप घेऊन भिंत मोजायला लागले.

"सहा फुटी बसेल," ते म्हणाले, "फक्त सोफा काढावा लागेल. नाहीतरी सोफ्यावर बसतं कोण?"

"मी बसायचे," वहिनी म्हणाल्या. "फुलांवर सावली पडते म्हणून तुम्हीच उठवलंत."