भर उन्हात गेलेली लाइट

गच्चीवरचं ऊन आमच्या साताऱ्याकडे कधीच बेवारस नव्हतं. त्याचे हक्कदार ठरलेले असत. चैत्र लागला की पहिला मान गव्हाच्या चिकाच्या कुरडयांचा, मग साबुदाण्याच्या पापड्यांचा, सांडग्यांचा आणि वर्षाच्या तिखटासाठी पसरलेल्या मिरच्यांचा. पावसाळा सरला की तेच ऊन गाद्यांना मिळे आणि थंडीत म्हाताऱ्यांच्या पाठींना. हे वाटप कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, तरी कावळे सोडले तर अतिक्रमण कुणी करत नसे. आता मात्र गच्च्यांवर निळसर काळ्या काचांची नवी बिऱ्हाडं आली आहेत आणि त्यांना ऊन भरपूर लागतं. एका किलोवॉटसाठी साधारण १०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा हवी. शेजारच्या नानांनी तीन किलोवॉटचा बेत सांगितला, तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न बिलाचा नव्हता, कुरडयांचा होता. बसवणारा मुलगा समजूतदार. तो म्हणाला, सांगाडा उंच करू, खालून माणूस ताठ मानेने चालेल, गच्ची सगळी तुमचीच. झालंही तसंच. गच्ची काकूंचीच राहिली, फक्त तिच्यावरचं ऊन आठ फुटांवर अडलं. खाली गारेगार सावली पडली. तिथे कुरडई काही वाळेना, पण नाना खुर्ची टाकून पेपर वाचू लागले. उन्हाची वीज करायला निघालेल्या माणसाच्या पदरात पहिल्यांदा पडली ती सावली.

या पॅनेलांचा स्वभाव न्याहाळत बसावा असा आहे. आपल्याकडे त्यांचं तोंड दक्षिणेला करावं लागतं, अठरा-वीस अंशांचा कल देऊन, कारण सूर्य वर्षातले बहुतेक दिवस आपल्या दक्षिणेकडूनच जातो. काकूंना हे जरा खटकलं. ज्या दिशेला आपण दिव्याची वातसुद्धा करत नाही, केली तर धनत्रयोदशीला, तीही यमासाठी, त्या दिशेकडे घरातली सगळी वीज तोंड करून बसणार! दुसरी गंमत उन्हाळ्याची. पॅनेलला उजेड हवा असतो, ऊब नको असते. त्याची पाटीवरची ताकद मोजतात ती २५ अंश तापमानाला. त्यापुढे काच जसजशी तापते तसतसा दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी त्याचा उत्साह ओसरतो. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर ही काच सहज साठीच्या घरात जाते. म्हणजे सूर्य जेव्हा अगदी जीव तोडून तळपत असतो, नेमकं तेव्हा त्याचा हा भक्त मनातल्या मनात एखाद्या झुळकेची वाट बघत असतो. उजेडाने धातूतून इलेक्ट्रॉन कसे सुटतात हे आईन्स्टाइनने १९०५ साली उलगडलं, १९२१चं नोबेल त्याला मुख्यतः त्याच कामासाठी मिळालं, आणि १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला कामाचा सिलिकॉन सौरघट तयार झाला. तो पडलेल्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्क्यांची वीज करी. आजची पॅनेलं वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. तरी उरलेलं ऊन वायाच जातं. काकूंच्या मते ते कुरडयांना दिलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मग ती दुपार आली, जी अशा प्रत्येक घरात कधी ना कधी येतेच. आभाळात ढगाचं बोट नाही, बारा-साडेबाराची वेळ, गच्चीवर तीन किलोवॉटची काच लखलखते आहे, आणि लाइट गेली. नानांचा पंखा सावकाश होत होत थांबला. नाना अंगणात आले. त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं, मग पॅनेलकडे, मग पुन्हा सूर्याकडे. वरचा सगळा कारभार जागेवर होता. घरात मात्र अंधारी दुपार, आणि ज्यांच्या गच्चीवर काहीच नव्हतं त्या पलीकडच्या घरात जुन्या इन्व्हर्टरवर पंखा गरगरत होता. आपल्याकडे घरोघरी बसतं ते बहुतेक ऑन-ग्रिड संयंत्र. त्याचा इन्व्हर्टर बाहेरच्या लाइनचा ठेका धरून चालतो. लाइन मेली की क्षणात तोही गप्प होतो, आणि हा दोष नसून मुद्दाम केलेली सोय आहे. लाइट गेली की कुठल्या तरी खांबावर एक वायरमन चढलेला असतो. तार मेलेली आहे या विश्वासावर त्याने तिला हात घातलेला असतो. अशा वेळी एखाद्या गच्चीवरून वीज उलटी त्या तारेत शिरली तर काय होईल हे सांगायला नको. नानांना हे कळल्यावर ते काही वेळ बोलले नाहीत. मग पेपरची घडी करून त्यांनी स्वतःला वारा घातला आणि म्हणाले, “असू दे. त्याचं होऊ दे आधी.” कुणा अनोळखी माणसाचा जीव सांभाळण्यासाठी आपल्या घरातलं यंत्र स्वतःहून थांबतं, हे कळल्यावर त्या उकाड्यावर रागावणं जरा अवघड होतं.

तसं अंधाराशी आमचं नातं जुनं. २००५च्या पुढची काही वर्षं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत भारनियमनाचं वेळापत्रक एसटीच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ असे. गिरणीवाला त्यावर दळण घेई, शेतकरी त्यावर रात्री-अपरात्री मोटार सुरू करायला जाई, आणि लग्नाच्या मुहूर्ताआधी जनरेटरवाल्याला विचारलं जाई. कोयनेचं धरण आमच्याच जिल्ह्यातलं. तिची वीज दूरच्या शहरांपर्यंत जाई आणि आम्ही कंदिलाची काच राखेने पुसत बसू. त्याच दिवसांत जिन्याखाली बॅटऱ्या आल्या. त्यांच्यात डिस्टिल्ड वॉटर घालणं हे घरातल्या कर्त्या पुरुषाचं एक व्रतच होऊन बसलं, आणि इतर व्रतांप्रमाणे तेही चार महिन्यांनी विसरलं जाई. अजूनही पुष्कळांना वाटतं की त्या काळ्या खोक्यात अपार वीज असते. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-अवर म्हणजे पावणेदोन युनिटांहून किंचित जास्त धरते, आणि हाती येते त्यातली एक-सव्वा युनिट. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी तीस-पस्तीस. तीन जुने पंखे आणि चार ट्यूब चालवल्या तर ती तीन-साडेतीन तासांत दमते. दोन हजार वॅटचा गीझर तिच्यावर लावण्याची कल्पनासुद्धा मनात आणू नये. आणि तिला झोपायच्या खोलीत कोंडू नये. चार्ज होताना ती वायू सोडते, तिला वारा लागतो.

त्या दुपारनंतर नानांनी हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियमची बॅटरी घ्यायचं मनावर घेतलं. अशा रचनेत लाइट गेली की घर लाइनपासून तुटतं आणि आपल्यापुरतं चालू राहतं. वायरमनही सुरक्षित, पंखाही फिरता. मात्र सगळं घर त्यावर चालत नाही. कोणती बटणं जिवंत ठेवायची ते आधी ठरवून त्यांची वायरिंग वेगळी काढावी लागते. इलेक्ट्रिशियनने वही उघडून विचारलं, “अत्यावश्यक काय काय ते सांगा.” इतक्या साध्या प्रश्नाने एवढं घर ढवळून निघेल असं त्या बिचाऱ्याला वाटलं नसावं. काकू म्हणाल्या फ्रिज, कारण विरजण. नातू म्हणाला वायफाय, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तो प्राणवायूबद्दल बोलत असावा असं वाटलं. सुनेने पाण्याची मोटार सांगितली. त्यावर इलेक्ट्रिशियन हसला, कारण मोटार सुरू होताना पहिल्या क्षणी आपल्या नेहमीच्या गरजेच्या कितीतरी पट ओढ घेते आणि छोटा इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. टाकी दिवसा भरून ठेवावी हेच उत्तम. नानांनी स्वतःसाठी एक पंखा आणि रेडिओ एवढंच मागितलं. देवघराचा विषय निघाला तेव्हा काकूंनी हात हलवला. तिथला दिवा तेलाचा होता, त्याला कुणाचीच वायरिंग नको होती. माणसाला खरोखर काय लागतं हे संतांनी पुष्कळ सांगून ठेवलं आहे, पण ते वॅटमध्ये मांडलं की जास्त पटतं.

हिशेबाचंही थोडं बोलून घेऊ. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, महिन्याला सव्वाशेच्या आत-बाहेर, पावसाळ्यात कमी. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटसाठी किलोवॉटमागे ३० हजार, तिसऱ्यासाठी १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान ठरलं. त्यात बॅटरीसाठी वेगळा पैसा नाही. नेट मीटर हे बचत खात्यासारखं चालतं: दिवसाची जास्तीची वीज जमा, रात्री काढायची, पण मार्चअखेरीला उरलेल्या युनिटांचे फारसे पैसे येत नाहीत, म्हणून बिलापेक्षा मोठं संयंत्र बसवण्याची हौस करू नये. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर नको. काचा पहाटे, थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसाव्यात. आणि माडाची एक झावळी जरी पॅनेलवर सावली धरून राहिली, तरी तिच्यामुळे ओळीतल्या इतर पॅनेलांचाही उत्साह जातो. एका रुसलेल्या माणसाने पंगत कशी थंड होते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे समजवावं लागत नाही.

पॅनेलची हमी २५ वर्षांची असते. ते ऐकून पंचाहत्तरी ओलांडलेल्या नानांनी त्या मुलाला गंभीरपणे विचारलं, “यात मीही धरलोय का?” मुलगा गोंधळला. काकू आत निघून गेल्या आणि बराच वेळ भांडी लावल्याचा आवाज येत राहिला. नानांना हे सगळं हवं होतं ते कुणाचं मिंधेपण नको म्हणून. आता दुपारी त्यांच्या घरात माणसं झोपलेली असतात, वीज उरते, आणि ती तारेवरून पहिल्यांदा जाते ती पलीकडच्या घरात, जिथे त्याच वेळी मिक्सरवर चटणी वाटली जात असते. रात्री ते त्याच तारेतून परत घेतात. स्वावलंबनासाठी दीडदोन लाख घालून नाना शेजाऱ्यांशी आधीपेक्षा घट्ट बांधले गेले आहेत, आणि त्यांची याबद्दल काही तक्रार नाही.

तेव्हा तुम्हीही गच्चीचा विचार करत असाल तर आधी मनाशी ठरवा, तुम्हाला बिल कमी करायचं आहे की अंधार. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. लाइट क्वचितच आणि तासाभरापुरती जात असेल तर ऑन-ग्रिड पॅनेल आणि जिन्याखालची जुनी बॅटरी यांचा संसार सुखाने होतो. रोज तास न् तास जात असेल तरच हायब्रिडचा खर्च करा. आणि सही करण्यापूर्वी बसवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: भर दुपारी लाइट गेली तर माझा पंखा फिरेल का? उत्तर काहीही असो, ते कोटेशनवर लिहून घ्या.