सेकंडहँड मोटारसायकल : ताबा आणि मालकी

विकायला काढलेली मोटारसायकल महाराष्ट्रात बहुधा ‘सिंगल हँड’ असते. तो हात डॉक्टरांचा, बँकेतल्या साहेबांचा किंवा मुलाकडे राहायला गेलेल्या काकांचा असतो, आणि गाडी ‘फक्त ऑफिसला जायला’ वापरलेली असते. ऑफिस कोणत्या जिल्ह्यात होते, हे विचारायची पद्धत नाही. गाडी २०११ सालची आणि मीटरवर तेवीस हजार किलोमीटर, असा योग असेल तर तीन शक्यता संभवतात. मालक घरबसा होता. किंवा मीटरची केबल तुटली होती आणि ती जोडायची त्याला घाई नव्हती. किंवा, जुन्या मीटरमध्ये किलोमीटरचे पाचच आकडे असल्यामुळे ९९,९९९ नंतर गाडीचा पुनर्जन्म झाला आहे. जाणकार मीटरच्या नादी लागत नाहीत. ते फुटरेस्टचे रबर आणि ब्रेकचे पेडल पाहतात. रबर गुळगुळीत आणि मीटर तेवीस हजार, तर रबर खरे बोलते.

हा जाणकार घेणाऱ्याने सोबत नेलेला असतो. त्याला स्वतःला गाडी घ्यायची नसते, त्यामुळे त्याची मते ठाम असतात. तो सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरतो, तळव्याकडे पाहतो आणि ‘हं’ म्हणतो. या ‘हं’चा भाव साधारण दोन हजार रुपये असतो आणि तो लगेच किमतीतून वजा मागितला जातो. वास्तविक धूर स्वतःच पुरेसे सांगतो. निळसर असेल तर ऑईल जळते आहे, म्हणजे पिस्टन रिंगा किंवा वॉल्व्हचे सील गेले आहेत. काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. मात्र धुराच्याही आधी इंजिनजवळ हात नेऊन पाहावा. गाडी सकाळपासून उभीच आहे असे मालक सांगतो आणि इंजिन गरम लागते, याचा अर्थ किक मारून मारून ती पाहुणे यायच्या आत सुरू करून ठेवलेली आहे.

सौदा ठरतो, इसार दिला जातो. घासाघिशीत नवे काही घडत नाही. अपवाद जुन्या यामाहा आरएक्स-१००चा. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ही दोन-स्ट्रोक गाडी आज नव्या असतानाच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग विकली जाते आणि मालक ती विकतानाही उपकार केल्यासारखा विकतो. तिथे ‘हं’ म्हटले तर गाडी परत आत जाते.

ताबा मिळाल्यावरचा पहिला अनुभव पायांना येतो. स्प्लेंडरचे चारही गिअर पाय पुढे दाबला की पडत जातात. पल्सरला पहिला खाली आणि बाकीचे वर. त्यामुळे दहा वर्षे स्प्लेंडर चालवलेला माणूस पल्सरवर बसून दुसऱ्याचा तिसरा टाकायला जातो तेव्हा पहिला पडतो, इंजिन किंचाळते आणि मागे बसलेला जाणकार हेल्मेटवर येऊन आपटतो. जुन्या बुलेटचा गिअर तर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. सवयीने ब्रेक दाबावा तर गिअर बदलतो, आणि गाडी थांबते ती समोरच्या रिक्षाच्या मर्जीने. डोक्याला हे सगळे एका मिनिटात कळते. पायाला कळायला वेळ लागतो.

दुसरा अनुभव पेट्रोलचा. विकणारा कितीही सज्जन असो, टाकीत तो पेट्रोल ठेवत नाही. कार्बोरेटरच्या गाडीला टाकीखाली कॉक असतो : ऑन, रिझर्व्ह, ऑफ. पेट्रोल संपत आले की गाडी आचके देते, मग कॉक फिरवून रिझर्व्हवर पंप गाठायचा, अशी मूळ कल्पना. पहिला मालक मात्र वर्षानुवर्षे रिझर्व्हवरच चालवत आलेला असतो. आचके बसतात, नवा मालक आत्मविश्वासाने खाली हात घालतो, आणि कॉक आधीच तिकडे असतो. यानंतर येते टोचन. पुण्याच्या रस्त्यावर अनोळखी माणूस मागून येतो, चालत्या गाडीवरून आपला पाय बंद गाडीच्या फुटरेस्टला लावतो आणि ‘कुठला पंप?’ एवढेच विचारतो. ही प्रथा धोकादायक आहे. शहरातले इतके निरपेक्ष सहकार्य दुसऱ्या कशात दिसत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

घरी आल्यावर प्रश्न पडतो तो नारळाचा. सेकंडहँड गाडीची पूजा करायची का? आई ‘आपल्याला नवीच’ म्हणून निकाल देते, गाडीला हार आणि हळदकुंकू मिळते. शेजारी पेढा तोंडात टाकून ‘केवढ्याला पडली?’ विचारतात. उत्तर काहीही असले तरी ती थोडी महागच पडलेली असते. त्यानंतरचा प्रश्न : ‘देते किती?’ अजून एकदाही टाकी भरलेली नसताना मालक सांगतो, ‘साठ.’

खरी ओळख नंतर होते, आणि ती गाडीपेक्षा पहिल्या मालकाची जास्त असते. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूचे खिळे सापडावेत तशा त्याच्या सवयी सापडत जातात. क्लच त्याच्या बोटांच्या मापाने सैल असतो. किल्ली अर्धी बाहेर ओढल्याशिवाय फिरत नाही. सीट एका बाजूला दबलेले असते, त्यावरून तो तिरका बसत असे एवढे निश्चित कळते. चौकातला मेकॅनिक नव्या मालकाला नमस्कार करत नाही, गाडीला करतो : ‘अरे, ही इकडे कशी?’ सिग्नलला मागून कोणीतरी पाठीत थाप घालतो, चेहरा पाहतो आणि ‘सॉरी हां, गाडी बघून वाटलं’ म्हणतो.

सर्वात अवघड वारसा नंबरप्लेटचा. पहिल्या मालकाने हौसेने ४१४१ मिळवून तो ‘दादा’ असा रंगवलेला असतो. नवा मालक पोस्टात कारकून, आवाज लहान. पण पार्किंगमध्ये लोक त्याला आपसूक जागा देतात. अशा प्लेटला कायद्याची परवानगी कधीच नव्हती. आता १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाल्याने दादांना पुन्हा ४१४१ व्हावे लागते.

कागदांचे शास्त्र वेगळे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे गाडी राज्यातच विकली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज फिटलेले असल्यास फॉर्म ३५, शिवाय चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. तो नंबर ग्रीस आणि धुळीच्या थराखाली असतो आणि तो सापडेपर्यंत शर्ट बाद होतो. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो. इथे एक गंमत कळते : अपघात न केल्याबद्दलचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून माणसाचा असतो, म्हणून तो पहिल्या मालकाबरोबर निघून जातो. त्याचे पुण्य तो घेऊन जातो, सैल क्लच ठेवून जातो.

फॉर्मवर सह्या झाल्या की काम झाले, असा बहुतेकांचा समज असतो आणि फाईल एजंटाच्या डिकीत मुरत राहते. तोवर सरकारदरबारी गाडी जुन्या मालकाचीच, आणि ई-चलनचा मेसेजही त्याच्याच मोबाईलवर जातो. त्यात वेळ, चौक आणि फोटो असतो. नव्या मालकाच्या घरच्यांनाही माहीत नसलेल्या त्याच्या हालचाली अशा रीतीने एका निवृत्त काकांना कळत राहतात. मग संध्याकाळी फोन येतो : ‘अहो, काल कर्वे रोडला हेल्मेट नव्हतं तुमचं. आणि मागे कोण होतं?’ पहिल्या प्रश्नाला उत्तर आणि दंड दोन्ही द्यावे लागतात. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी विषय बदलणे सोयीचे, आणि गाडी साईड स्टँडवर लावली की पेट्रोलचा वास का येतो, हे त्याच फोनवर विचारून घेता येते.